शेवटचा रकाना

ग्वाल्हेरची थंडी. लष्करात ऊन
किल्ल्यावरून उतरायला अकरा वाजवतं,
मग आम्ही गच्चीवर बसतो:
मी, गजकचा डबा,
आणि लॅपटॉप घेऊन शर्वाणी.
पडद्यावर ऊन पडलं की तिला दिसत नाही,
म्हणून ती माझी शाल डोक्यावरून ओढून घेते
आणि आतून म्हणते, पुढचं, काका.

पुढचं म्हणजे माझी वही.
एकतीस वर्षं लॅबमध्ये होतो. सरकारी रजिस्टर भरून झालं
की घरी येऊन पुन्हा उतरवायचो.
का, ते विचारू नका.
नावं नाहीत. वय, बाई की पुरुष,
बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्ब्युमिन,
आणि शेवटच्या रकान्यात, पुढे काय झालं ते.
कळलं असेल तर.

अठ्ठेचाळीस. पुरुष. सात पूर्णांक तीन.
हा हजिऱ्याचा बँडवाला, क्लॅरिनेट वाजवायचा.
दारू? विचारलं की बायको आधी बोलायची,
कभी नहीं साहब,
आणि तो स्वतःच्या चपलांकडे बघायचा.
नळीत त्याचं सीरम वर आलं
ते मोहरीच्या तेलासारखं.
रंगाला रकाना नाही, शर्वाणी म्हणते.

यंत्राला नियम सांगायचे नसतात म्हणे.
ओळीवर ओळी दाखवत जायच्या,
ते आपलं आपण ओळखायला लागतं.
मला तरी कुणी काय सांगितलं होतं?
दिवेकरसाहेब नळी खिडकीच्या उजेडात धरायचे
आणि म्हणायचे, बघ.

शंभरात चौऱ्याहत्तर बरोबर आले.
पोरगी खूश. मग तिनेच पुन्हा मोजलं,
पुरुष वेगळे, बायका वेगळ्या.
बायकांच्या बाबतीत फार चुकतं.
आजारी असली तरी बरी म्हणतं.
काका, वहीत बायका इतक्या कमी का?

येत नव्हत्या.
यायच्या तेव्हा डोळे पिवळे, पोटात पाणी,
आणि सोबतचा माणूस विचारायचा,
किती वेळ लागेल?

काळीज म्हणजे खरं कुठलं, ते खाटकाला ठाऊक असतं.
बाकी सगळे हात डावीकडे नेतात.
धडधडतं ते वेगळं.
काळीज उजव्या बरगडीखाली गप्प बसून काम करतं,
अर्धं झिजलं तरी बोलत नाही.

एक पान मी दोन बोटांनी मिळून उलटलं.
मधलं राहिलं, काका.

एक्कावन्न. बाई.
बिलिरुबिन एक पूर्णांक एक.
एसजीपीटी अडतीस.
अल्ब्युमिन दोन पूर्णांक नऊ.
रक्त मीच काढलं होतं, स्वयंपाकघरात, चहाच्या आधी.
संध्याकाळी येऊन सांगितलं, काही नाही गं कुमुद,
थकवा आहे, दूध घेत जा.
दोन पूर्णांक नऊ, आणि मी म्हटलं दूध.

शेवटचा रकाना कोराय, काय लिहू?
आधी त्याला विचार, मी म्हटलं.

तिने कळ दाबली.
गजकचा तुकडा अजून माझ्या दाताखाली होता.
निरोगी.

शाल बाजूला झाली. शर्वाणीला काकू आठवते,
थोडीशीच, जिन्यात भेटली की हातावर वडी ठेवणारी.
ती काही बोलली नाही, बरं झालं.
मला राग यायला हवा होता.
पण शिकलं कुणाच्या वहीतून?
नवी चूक ते बिचारं कुठून आणणार!

लिही, म्हटलं, आजारी. तारीख नंतर सांगतो.

आणि खाली जाऊन ट्रंक उघडली.
विजेच्या बिलांखाली दुसरी वही आहे,
जनाना वॉर्डाची.
ती उतरवायचा मला कंटाळा यायचा,
अक्षर बघूनच कळतं.
शाई पार विटलीये, मला मोठ्याने वाचावं लागेल,
काही ठिकाणी अंदाजाने, तसं सांगूनच.

ऊन चार वाजेपर्यंत असतं.
सरक जरा, मलाही शालीत घे.
बत्तीस. बाई.