सव्वादोन फुटांवर

मण्यांची बरणी सांडली म्हणून खाली वाकले,
नाहीतर सहा वर्षांत वाकले नव्हते अशी,
पार गुडघ्यांवर, गाल फरशीला लावून.
एक लाल मणी कपाटाखाली गेला होता.

तिथून मला माझी बालवाडी दिसली:
टेबलाचं पोट, त्याला चिकटलेलं कोणाचं तरी च्युइंगम,
कॅरमच्या स्टँडचे पाय,
सिलिंडरच्या गंजाची गोल खूण.
आणि मुळाक्षरांचा तक्ता?
तो दिसलाच नाही.
तो वर होता, अननसापासून ज्ञानीपर्यंत सगळा,
पंख्याच्या आणि सुपरवायझर मॅडमच्या उंचीवर.

विक्रोळी पार्कसाइट, एसआरएची बिल्डिंग,
तळमजला, सोसायटी ऑफिसला लागून खोली.
कागदावर बालवाडी, संध्याकाळी सातनंतर कॅरम क्लब.
सकाळी आधी बोरिक पावडर पुसायची,
मग पोरं आत घ्यायची.
सव्वीस जण. एक खिडकी, तीही पार्किंगकडे.

नवी खोली मला कोणी देणार नव्हतं.
खिळे मिळाले, बी विंगच्या विश्राम सुतारांकडून,
मूठभर, फुकट.
"किती उंचीवर?" ते म्हणाले.
मी मुस्तकीमला भिंतीपाशी उभं केलं.
हात वर कर म्हटलं नाही, नुसता पुढे कर म्हटलं.
सव्वादोन फूट.

पहिल्या दिवशी त्याने दप्तर अडकवलं,
काढलं, अडकवलं, काढलं.
प्रार्थना झाली, गाणं झालं, खिचडी आली,
हा तिथेच.
असू दे म्हटलं.
स्वतःची खोली घेतल्यावर मोठी माणसंसुद्धा
दोनदा कुलूप लावून बघतात.

मग माठ खाली आणला, बुटक्या स्टुलावर.
"ताई, पाणी", दिवसाला चाळीस हाका असायच्या,
त्या थांबल्या.
फरशी ओली झाली, चौघं घसरली,
गोणपाट टाकलं.
खोटं कशाला बोलू, मला जरा चुकल्यासारखं झालं.

कॅरमची पोरं भडकली.
कोणाच्या तरी नडगीला खिळा लागला होता.
"ताई, शाळा आहे की खाटकाचं दुकान?"
मला वाटलं, सकाळी खिळे उपटलेले असणार.
सकाळी प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर
रबराचं बूच होतं, इंजेक्शनच्या बाटलीचं.
त्यांच्यातला सुनीत मेडिकलमध्ये कामाला आहे.
तो काही बोलला नाही.
मीही पावडरीवरून बोलणं सोडून दिलं.

मॅडम आल्या. "तक्ते एवढे खाली का?"
"पोरं खाली असतात म्हणून."
त्यांच्या फॉर्मात त्याचा रकाना नव्हता.
त्यांनी वजनकाटा तपासला आणि गेल्या.

आणखी एक केलं, त्याला खिळासुद्धा लागत नाही:
प्रश्न विचारायचा आणि मनात दहा मोजायचे.
आधी मीच विचारायचे, मीच सांगायचे,
पोरं माझ्या मागून ओरडायची,
आणि मला वाटायचं, वर्ग छान चाललाय.

भैरवी जूनपासून एक शब्द बोलली नव्हती.
"टोपलीत काय आहे गं?"
पाच. सहा. बाहेर टेम्पो रिव्हर्स घेतोय. आठ.
दहा म्हणजे केवढे असतात, तुम्ही मोजून बघा.
अकराव्याला ती म्हणाली,
"ताई, तुम्हाला माहीत नाही?"

परवा सुटताना मुस्तकीमची आई थांबली.
"याला घरीपण खिळा पाहिजे, ताई, एवढाच खाली.
भाड्याची खोली आमची,
मालक भिंतीला हात लावू देत नाही.
दप्तर पोटाशी धरून झोपतो.
काय करू?"

मी मनात मोजायला लागले.
दहा झाले. अकरा झाले.
तिनेही घाई केली नाही.