बोडीच्या पाळीवर

लाखांदूरच्या दवाखान्यात, सातव्या महिन्यात,
पोरसवदा एजंटनं चकचकीत कागद पुढं केला :
नाळेचं रक्त, उणे एकशे शहाण्णव अंश,
हप्त्यांची सोय.
‘लाइट गेली तं?’ मी विचारलं.
तो हसला.

माझी नाळ फुलवंता सुइणीनं
बोडीच्या पाळीवर पुरली होती, मोहाच्या बुडाशी.
रस्ता रुंद झाला, मोह गेला.
मी आहे.

थोरलीचं सिकलसेलचं लाल कार्ड
पिशवीतच राहू दिलं.
रात्री तिचे गुडघे चोळताना
आतून लाथ बसते.
अजून जन्म नाही,
आणि तुझ्याकडं उसनं मागायचं?

पेन उठेना. त्यानं तळहातावर गिरवून पाहिलं.
‘आण इकडं,’ म्हटलं.
बाळाच्या रकान्यात
सुकेशिनी लिहिलं गेलं.
खोडलं नाही.