य

स्टँडसमोरच्या पोरानं अठ्ठावीसशे सांगितले,
तेही फोन हातात न घेता.
मी म्हणलं, बघते.
कुरिअरनं नवी काच आली नऊशे पन्नासला,
तीन पदरांत, सोनं आल्यासारखी गुंडाळून.
सोनं आपल्याकडं असं येत नाही.
ते त्रिचूरला असतं, तुमच्या मुशीत,
आणि तिथंही दुसऱ्याचंच.

तडा जुना. अकरा महिन्यांचा.
टाकीच्या कठड्यावरून फोन पडला तो दिवस
तुम्हाला सांगितला नव्हता.
खालच्या कोपऱ्यातून रेघ चढत गेली
आणि अक्षरांच्या पाटीवर एक पट्टी मेली.
तिच्यात य होता.

य नाही म्हणजे काय नाही.
'काय' नाही, म्हणून मी विचारायचं सोडलं.
'रुपये' नाहीत, म्हणून नुसते पैसे.
सायलीचं नाव लिहावं तर साली व्हायची,
म्हणून अकरा महिने ती पोरगी:
पोरीला ताप. पोरगी पास.
पोरीचा दात पडला, फोटो पाठवते.
बोलून लिहिता येतं म्हणे.
एका खोलीत सासूबाई, दीर, शिलाई मशीन, टीव्ही,
तिथं मोठ्यानं काय बोलणार?

काल सासूबाई दातांच्या डॉक्टरकडं गेल्या.
मायणी रस्त्याचे माग सकाळपासून खडखडत होते,
म्हणजे वीज होती, म्हणजे इस्त्री होती.
फडकं टाकून कडा शेकल्या, गोंद सैल होईस्तोवर.
फटीत घालायला पातळ, वाकणारं काहीतरी हवं होतं.
कपाटावर तुमच्या छातीचा एक्सरे होता,
गेल्या खेपेचा, धुराचा खोकला धरला तेव्हाचा.
कडेची पट्टी कापली.
फासळीला हात नाही लावला,
तुमच्या नावाखालची काळी कोरी जागा घेतली फक्त.

बॅटरीची जोडणी आधी सोडवा,
असं व्हिडिओतल्या माणसानं दोनदा बजावलं होतं.
तो हिंदी बोलत होता, नखांत मळ होता,
म्हणून त्याच्यावर विश्वास बसला.
तुमचा जुना चिमटा घेतला,
टोकाला पिवळट डाग असलेला, जो तुम्ही
"असू दे घरात" म्हणून ठेवून गेलात.
वहीच्या पानावर फोन काढला
आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवत गेले.
तिळाहून बारीक.
शिंक आली तर संसार उडाला.

बारा काढले होते. बसले अकरा.
बारावा कुंकवाच्या करंड्यात आहे.
कुठला, ते विचारू नका.

नवी काच चिकटवून
सायलीच्या केसांचे रबर चढवले,
दोन गुलाबी, एक हिरवा, एक सैल झालेला,
आणि फोन रात्रभर तांदळाच्या डब्याखाली.
मला झोप लागली नाही असं नाही. लागली.

सकाळी बटण दाबलं. काळं.
परत दाबलं, जरा धरून ठेवलं.
उजेड आला तेव्हा मी एकटीच होते,
कुणाला दाखवायचं म्हणून आरशाला दाखवलं.
अंगठा मात्र सवयीनं
मेलेल्या पट्टीला वळसा घालूनच चालला,
पाणी ओसरलं तरी
चिखलाची जागा टाळत जावं तसा.

त्याला आडवला. लिहिलं सायली. पुसलं.
रुपये. पुसलं.
काय, काय, काय, तीनदा, उगीच.
मग एकच अक्षर, त्याला काना,
आणि विचार बदलायच्या आत पाठवलं:

या

तुमचं उत्तर लगेच आलं,
भट्टी अजून पेटली नसावी.
"अर्धंच आलं. पुढचं लिही.
स्क्रीन अजून बिघडलेलाच दिसतोय."

नाही, म्हणलं.
एवढंच आहे.