अर्धं सूत

हरिसालला उतरलो तेव्हा
एसटीच्या मागच्या सीटखालून मोबीनने
आधी गळाच्या काठ्या काढल्या, मग वांग्यांची पिशवी,
मग कणीक, आणि शेवटी देवानंदची फौजी सॅक,
जिला वाटभर आम्ही कोणी हात लावला नव्हता.

परतवाड्याच्या एका बाकावरचे चौघं.
मोबीन आता आरामशीनवर सागाचे ओंडके कापतो.
सुखदेव कासदेकर परत आपल्या गावी.
मी भूगोल शिकवतो,
फळ्यावर ‘हिमनदी’ लिहितो दरवर्षी
आणि त्याच शब्दाला खडू मोडतो.
देवानंदने तिच्यावर एक हिवाळा काढला,
अंगावर काढतात तसा,
आणि गावात आल्यापासून
तिचं नावही घेतलेलं नाही.

सागाची पानं पायाखाली पापडासारखी.
सुखदेव पुढे,
जंगल खात्याची हद्द संपते तिथले
चुना फासलेले दगड मोजत.
“इथून खाली सिपना आपली,” म्हणाला,
म्हणजे त्याच्या मामाच्या वावराची.

पाणी घोट्याएवढं, डोहात मात्र काळं.
आम्ही चपला हातात घेतल्या.
देवानंद बुटांसकट पाण्यातून गेला.

दुपारभर गळ टाकून बसलो.
मोबीनला एक फांदी मिळाली आणि कोणाची तरी चप्पल.
मला तेवढंही नाही.
सुखदेवने चार मरळ काढल्या, एक वाम,
आणि वाम उचलत म्हणाला, “काकू.”
कोरकूत मासोळीला काकू म्हणतात
हे वीस वर्षांनी कळलं आम्हाला.
मोबीन वाळूत लोळला:
“म्हंजे मास्तरच्या मायले तू रोज
मासोळी म्हनत होता बे!”
देवानंदही हसला. आवाज न करता,
पण खांदे हलले.

रात्री गोवऱ्यांच्या आरात रोडगे,
पळसाच्या पानात मरळ.
मी मास्तरच शेवटी, विचारून बसलो:
हिमनदी सरकते, ते दिसतं का?

“दिसत नाही,” देवानंद म्हणाला.
एक काडी विस्तवात सारली.
“आयकू येते. रातच्याले.
कोनी दूर सागवान चिरून राह्यलं, तशी.”
मोबीनने आपले हात उलटेपालटे करून पाहिले
आणि उशिरापर्यंत झोपला नाही.

पहाटे सुखदेवने हलवलं. “पाहा.”
दहिवर गोठलं होतं.
हरभऱ्याचे शेंडे पांढरे, कुंद्याचं गवत पांढरं,
घमेल्यातल्या पाण्यावर साय.
मोबीनने खिशातला टेप काढून लावला.
“अर्धं सूत. तेही ओढून-ताणून.”
“हेच जर साचत गेलं हजारो वर्षं,” मी सुरू केलं,
आणि पुढचं वाक्य, पाठ असून,
तोंडातच राहिलं.

कारण देवानंद बांधावर बसून
बुटाच्या नाड्या सोडत होता.
एक गाठ. दुसरी, निरगाठ, तिला वेळ लागला.
मग मोजा.
उजव्या पायाला तीन बोटं.

मोबीन टेप गुंडाळत राहिला,
गुंडाळून झाला तरी.

तो पाय त्याने गवतावर ठेवला,
तापल्या पोराच्या कपाळावर
हात ठेवावा तसा, भार न देता.
बराच वेळ.
“गरीब हाये हे,” म्हणाला.
“याले काही येत नाही.”

“कोरकूत याले काय म्हनते?” मी सुखदेवला विचारलं.
“काही नाही. दुपारपावतर राहात नाही,
नाव कायले ठेवाचं?”

पाय उचलला तिथे हिरवा ठसा,
भोवती सगळं पांढरं.
मग डोंगरावरून ऊन उतरलं आणि
ठसा कुठला, वावर कुठलं, सांगता येईना.

डोहाकडून मोबीन ओरडत होता.
त्याच्या गळाला शेवटी एक काकू लागली होती,
करंगळीएवढी,
आणि ठेवू का सोडू, हे तो
आमच्यातल्या कोणाला नाही,
देवानंदला विचारत होता.