साडेबाराशेचा पाऊस

मानवतच्या टॉकीजला दुपारच्या शोला नऊ जण,
त्यातले चार पिक्चरमधलेच.

खुनी कोण, ते मध्यंतराआधीच कळलं:
एकट्याच्याच पायात नवे बूट.
डिटेक्टिव्ह म्हणजे टायरवाला मुनीर.
भर एप्रिलात ओव्हरकोट घालून
जिनिंगच्या गोदामात सिगारेट पेटवतो,
मागं पाटी: धूम्रपान सक्त मनाई.

धुकं नगरपालिकेच्या डासांच्या मशीनचं.
नायिका खोकते.
संवादात नव्हतं ते,
पण तेवढंच खरं वाटलं.

सावल्या काही जमल्या नाहीत.
मुंजाजीकडं लग्नाच्या शूटिंगचे दोन हॅलोजन,
त्यात खुनी काय अन् नवरदेव काय,
सारखेच उजळ.

मी उठणारच होतो,
तेवढ्यात पडद्यावर पाऊस आला.
टँकरचा. साडेबाराशेचा.
टिनावर धो धो.
प्रेत भिजतंय, मुनीर नशिबाबद्दल काहीतरी बोलतोय,
आणि डाव्या कोपऱ्यात, फ्रेमच्या अगदी कडेला
एक हात येतो. हिरव्या बांगड्या.
पन्हळीखाली कळशी सरकवतो
अन् मागं जातो.
मग एक पोरगं, निळा ड्रम ढकलत.

खून विसरलोच मी.
कळशीकडं बघत राहिलो.
गळ्यापर्यंत आली होती
आणि मुंजाजीनं कट केलं.

बाहेर पानटपरीवर त्यानं गाठलंच.
"कसा वाटला? कामून बोलंना?"
म्हटलं, पावसाच्या सीनला
जरा थांबायचं होतंस अजून.

चुना मळता मळता म्हणाला,
"टँकर संपला ना."