टाकी रिकामी असावी

नियम तेवढा एकच वाचता येत होता
पार्सल ऑफिसच्या भिंतीवर, निळ्या ऑइलपेंटात.
होनमोरेबाई म्हणाल्या, थेंबसुद्धा चालत नाही ओ.
म्हणून मिरज जंक्शनच्या बाहेर, चिंचेखाली बसून
मी नळी तोंडात धरली आणि ओढलं.
एकोणपन्नासाव्या वर्षी.
पुढं दोन दिवस चहालाही पेट्रोलची चव.

दीड लिटर निघालं, ते मकबूलचाचांच्या लुनाला.
मजुरी म्हणून तेवढंच. दुसरं काही घेईनात.

चाचा सतारी बांधतात.
घडवणारे वेगळे; हे खोक्यात बांधतात, परदेशी जाणाऱ्या.
भोपळ्याखाली पेंढा किती, दांडीला कापूस कुठं,
तारा किती सैल सोडायच्या, बोटांना पाठ.
गाडीभोवती दोनदा फिरले,
टाकीवर टिचकी मारून कान लावला,
"ये बी भोपळाच है की," म्हणाले
आणि गोणपाट फाडायला बसले.

आरसे काढून माझ्या जुन्या ओढणीत.
हँडलला पेंढा. सुतळीचा फेरा आवळताना
ते गुडघा टेकवत, दातात शेवट धरत,
आणि मला आमच्याकडं येणारे पाय दिसत,
जतचे, अथणीचे, ऊसतोडीतले,
प्लास्टरच्या आत मुकाट.
पंचवीस वर्षं क्ष-किरण काढतेय मी.
श्वास रोखा म्हणते, सोडा म्हणते.
गोणपाटाआडचा पुढच्या काट्यातला बाक
मला तसाच दिसत होता,
पेठनाक्याला पडले होते तेव्हाचा.

"आजवर कुठं कुठं गेलं, चाचा, तुमचं बांधलेलं?"
हॅम्बुर्ग, म्हणाले. ओसाका. टोरांटो दोनदा, एकदा परत आलं.
"आणि तुम्ही?"
"म्या कवठ्यापत्तूर."
हसले नाहीत. गाठ मारत होते.

"थंडीत पोचलं की लगेच सोडू नका.
दोन तास तसंच ठिवा, हवा ओळखू द्या,
न्हाई तर सूर उतरतो."
गाडी आहे चाचा, म्हणणार होते.
म्हटलं, बरं.

एकशे एक्केचाळीस किलो, गोणपाटासकट.
मिरज ते न्यू जलपाईगुडी.
"तितनं पुढं?"
"भूतान."
होनमोरेबाईंनी चष्मा वर केला. "म्हंजे फॉरिनच की. एकट्या?"
"गाडी एकटी. मी शनिवारी, मागनं.
एस्तेर सातपुते आहे सोबत, तिची कालच गेली."
बाईंनी शिक्का हातात धरून ठेवला थोडा वेळ,
मग पुढच्या खिडकीकडं पाहिलं,
तिथं कुणीच नव्हतं.
"आमच्या ह्यांना माळशिरसचा रस्ता सापडंना," म्हणाल्या,
आणि शिक्का मारला.

रकाना होता: मालाची किंमत.
वीस हजार लिहिले
आणि गाडीकडं पाठ करून उभी राहिले.
रकाना होता: नाशवंत आहे काय.
नाही.

रात्री सव्वाअकराला हमालांनी तिला
हळदीच्या पोत्यांना टेकवून उभी केली.
दार सरकलं. कडी. वर लाल दोरा.
चाचा आले होते, जेवून, टोपी बदलून.
"फोटो पाठवा."
डोंगराचा?
"डोंगर काय करायचा. गाठींचा.
सोडायच्या आधी."

डबा गेला तेव्हा कुणी हात हलवत नाही पार्सलला.
मी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.
किल्ली खिशात होती, मधनंच टोचत होती,
आणि तोंडात अजून पेट्रोल.

स्टेशनबाहेर एकच रिक्षा.
पोरगा झोपेतनं उठला, हेल्मेट बघितलं,
"गाडी कुठाय, ताई?"
"पुढं गेली."
"मग बसा की मागं."