शाफ्टच्या तळाशी

लिफ्टच्या खाली एक खड्डा असतो.
माणसं त्यावर उभी राहून आपापल्या फोनमध्ये बघतात,
मी रोज त्यात उतरते.
डुलूथच्या हिवाळ्यात तिथे जरा कमी गारठा,
आणि ग्रीसचा वास, जो आता माझ्या उशीलाही येतो.

दाराच्या फटीतून पडलेलं सगळं मी एका डब्यात भरते:
सतरा किल्ल्या, एक दुधाचा दात,
कुणाच्या तरी बारीक झालेल्या बोटातली अंगठी.
"विचारायला कुणी येत नाही," व्हुकेलिच म्हणतो.
"खाली गेलं की गेलंच, असं धरतात लोक."

ऑटो व्हुकेलिच. वय एकसष्ट, बोटं साडेआठ.
पहिल्या दिवशी त्याने माझ्या हातातला पाना काढून घेतला,
म्हणाला, आधी कान.
तीन आठवडे नुसतं ऐकायचं,
दोर ओढ घेताना कसा गुणगुणतो
आणि कुठल्या मजल्यापाशी कण्हायला लागतो.
मी विचारलं, याचं पुस्तक असेल ना?
आहे की, म्हणाला,
आणि तुटकं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

पहिल्या पगाराची चिठ्ठी आईने दोनदा वाचली.
यांचं काहीतरी चुकलंय, म्हणाली, परत कर,
नाहीतर पुढच्या खेपेला कापतील.
एकोणीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या;
तिच्या हिशेबात जास्तीचा पैसा म्हणजे
कुणाची तरी चूक.

वेंडेल, माझा भाऊ. दोन पदव्या, तिसरीचं कर्ज.
थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता म्हणाला,
"वर-खाली करणाऱ्या पेटीत जन्म काढणार तू?"
मी बटाटे पुढे केले.
त्या महिन्याचा त्याचा हप्ता कुणी भरला
हे आम्हा दोघांनाच ठाऊक.
त्याने बटाटे दोनदा घेतले.

खोटं कशाला बोलू, भीती वाटते.
चौदाव्या मजल्यावर, पेटीच्या टपावर,
खाली बघू नकोस असं सगळे सांगतात.
मी बघते. तेवढाच एक काळा चौकोन,
आणि त्याच्या तळाशी माझा जेवणाचा डबा.
गुडघे चोविसाव्या वर्षीच वाजतात.
रात्री अडीचला फोन येतो, बूट थंडगार असतात.

मागच्या मंगळवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयातली लिफ्ट अडकली,
तिसऱ्याच्या वर, चौथ्याच्या खाली.
याच इमारतीत मी एक सत्र काढलं होतं
आणि फीचं दुसरं पत्र आलं तशी
कुणाला न सांगता निघून गेले होते.
यंत्रखोलीतून पेटी इंच इंच खाली घेतली.
दार उघडलं: एक बाई, पुस्तकांची ढकलगाडी,
आणि तासाभरात अर्धी वाचून झालेली एक कादंबरी.
कागदावर सही करताना तिने माझं नाव वाचलं.
चष्मा वर सरकवला.
"मार्लिस हौटाला. तुमच्याकडे आमचं एक पुस्तक आहे.
सरोवराकाठच्या खडकांवरचं. सहा वर्षं झाली."

व्हुकेलिच हसता हसता खोकला,
खोकता खोकता भिंतीला टेकला.
दंड किती, मी विचारलं.
तिने आकडा सांगितला.
मनातल्या मनात भागाकार केला, सवयच लागलीये:
माझी बावीस मिनिटं.
मोजून दिले. तिने पावती दिली, शिक्क्यासकट.

पुस्तक अजून दिलं नाहीये.
जेवणाच्या सुट्टीत खड्ड्यात बसून वाचते,
पाठ स्प्रिंगला, हेल्मेटचा दिवा पानावर.
एकशे बारावं पान:
इथला खडक म्हणे जमिनीच्या भेगेतून वर आला,
वितळत, थांबत, पुन्हा वितळत,
कुणीही बोलावलेलं नसताना.

वर कुणीतरी बंद लिफ्टचं बटण दाबत राहतं.
दाबू दे.
एवढं पान संपवते.